पस्तीस नंबरची सोळा बिऱ्हाडे

माइनक्राफ्टमध्ये पांढऱ्या लोकरीचा एक ठोकळा समोर दिसला, तर तो कुठून आला हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही. मेंढी कातरून मिळालेला असेल, मेंढी मारून मिळालेला असेल, कोळ्यांकडून मिळवलेले चार दोरे एकत्र करून बनवलेला असेल, गावातल्या धनगराने पाचूच्या मोबदल्यात दिलेला असेल, किंवा खेळणाऱ्याने, सगळे सामान फुकट मिळते त्या क्रिएटिव्ह मोडच्या यादीतून आयता उचललेला असेल. पाचही ठोकळे दिसायला आणि वागायला तंतोतंत सारखे. पेटीत टाकले तर एकाच चळतीत बसतात. एकदा चळतीत बसले की कोणता कुठला हे खुद्द खेळालाही सांगता येत नाही, कारण त्याने ते कुठे लिहूनच ठेवलेले नसते.

तरीही या खेळातले जुनेजाणते लोक एखाद्या इमारतीचे नुसते चित्र बघून ती साधारण कोणत्या साली बांधली, बांधणारा सामान गोळा करायला कुठे कुठे भटकला, आणि कधीकधी तर ती त्या अफाट जगात नेमकी कुठे उभी आहे, इथवर सांगतात. ठोकळ्याला स्वतःचे काहीच आठवत नसताना हे कसे जमते? बराचसा माग रंगांवरून लागतो. आणि माइनक्राफ्टमधल्या रंगांचा इतिहास म्हणजे मुख्यतः जागेच्या टंचाईचा इतिहास आहे. कलाकाराची आवडनिवड त्यात आहेच, पण किती रंग असावेत आणि कशाला असावेत याचा निर्णय बऱ्याचदा स्मृतीतल्या अर्ध्या बाइटने घेतलेला आहे. (इथे सगळीकडे जाव्हा आवृत्तीबद्दल बोलतो आहे. मोबाइल आणि कन्सोलवरच्या बेडरॉक आवृत्तीचे घराणे वेगळे.)

मेंढ्या येण्याआधीचे कापड

२००९ साली झॅकरी बार्थ या अमेरिकन प्रोग्रॅमरने इन्फिनिमायनर नावाचा छोटा खेळ काढला. लाल आणि निळा असे दोन संघ, ठोकळ्यांचे जग, खणायचे आणि बांधायचे. तिथे रंगाचा अर्थ सरळ होता: हा ठोकळा आमचा, तो तुमचा. ठोकळा कुणाच्या बाजूचा हे त्याच्या रंगातच लिहिलेले असे. या खेळाचा कोड लपवलेला नव्हता, तो उलगडून लोक त्याच्या बदललेल्या आवृत्त्या फिरवू लागले आणि शेवटी बार्थने कोड सगळ्यांसाठी खुला करून टाकला. स्वीडनमधल्या मार्कुस पेरसनने तो खेळ पाहिला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्वतःचा सुरू केला. माइनक्राफ्टच्या त्या पहिल्या रूपात दोनच प्रकारचे ठोकळे होते, गवत आणि कॉबलस्टोन, आणि दोन्हींची चित्रे पेरसनने स्वतःच्याच ‘रुबीडंग’ नावाच्या अर्धवट राहिलेल्या प्रकल्पातून उचलली होती.

महिन्याभरात, जून २००९ मध्ये, रंगीत कापड आले. एकदम सोळा छटा. लाल, नारिंगी, पिवळ्यापासून हिरव्या-निळ्यातल्या बारीक पायऱ्या ओलांडत जांभळ्या-गुलाबीपर्यंत, आणि शेवटी राखाडी व पांढरा. रंगचक्र घेऊन समान अंतरावर रेघा मारल्यासारखी ही मालिका आहे. तपकिरी त्यात नाहीच, कारण शुद्ध रंगचक्रावर तपकिरी कुठे सापडत नाही. कापड कुठून येते हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. मेंढ्या अजून जन्माला यायच्या होत्या. यादीतून रंग निवडायचा आणि भिंत बांधायची. प्रत्येक रंगाला स्वतंत्र क्रमांक होता, २१ पासून ३६ पर्यंत.

पुढे खेळाचा भर बांधण्यावरून जगण्यावर गेला. अन्न, रात्र, राक्षस आले. यादीतून आयते काही मिळणे बंद झाले, तसे हे रंगही गळाले आणि बराच काळ एकटी पांढरी लोकर उरली.

अर्धा बाइट

जानेवारी २०११ मध्ये, बीटा १.२ या आवृत्तीत, रंग परत आले; पण या वेळी त्यांच्यामागे हिशेब होता. त्या काळात माइनक्राफ्टचे जग तुकड्यातुकड्यांनी साठवले जाई. एक तुकडा १६ ठोकळे लांब, १६ रुंद आणि १२८ उंच, म्हणजे ३२,७६८ ठोकळे. प्रत्येक ठोकळ्याला एक बाइट मिळे, त्यात ० ते २५५ यांपैकी त्याच्या प्रकाराचा क्रमांक. शिवाय अर्धा बाइट ‘डेटा’साठी, अर्धा दिव्याच्या उजेडासाठी, अर्धा आकाशाच्या उजेडासाठी. एकूण अडीच बाइट. एका तुकड्याचे झाले ८१,९२० बाइट, आणि खेळणाऱ्याभोवती असे शेकडो तुकडे एकाच वेळी जिवंत ठेवावे लागत. घरगुती संगणकावर जाव्हा चालवताना अर्ध्या बाइटचीही काटकसर करावी लागे.

अर्धा बाइट म्हणजे चार बिट, आणि चार बिटांत ० ते १५ असे सोळाच आकडे मावतात. जुन्या कापडासारखे प्रत्येक रंगाला वेगळा क्रमांक देण्याची चैन आता परवडणारी नव्हती. म्हणून लोकरीला एकच क्रमांक राहिला, ३५, आणि त्या पस्तीस नंबरच्या वाड्यात सोळा बिऱ्हाडे घातली: शून्यावर पांढरा, एकवर नारिंगी, असे करत पंधरावर काळा. जुनी शास्त्रशुद्ध मालिका गेली आणि जास्त व्यवहारी मालिका आली. तपकिरीला त्यात जागा मिळाली, हिरव्या-निळ्याच्या मधल्या नाजूक छटा कमी झाल्या. घर बांधणाऱ्याला तपकिरी लागतोच.

रंगद्रव्येही एकाच क्रमांकाखाली होती, ३५१, आणि त्यांचेही प्रकार सोळाच. गंमत अशी की त्यांचा क्रम लोकरीच्या नेमका उलटा होता. लोकरीत काळा पंधरावा, तर रंगद्रव्यात काळी शाई शून्य. लोकरीत पांढरा शून्य, तर रंगद्रव्यात हाडांची पांढरी पूड पंधरा. एकाचा आकडा दुसऱ्याकडे नेताना पंधरातून वजा करावे लागे. मॉड, म्हणजे खेळात बदल करणारे प्रोग्रॅम, लिहिणाऱ्या मंडळींना ही वजाबाकी तोंडपाठ असे. पुढे कितीतरी वर्षे ती तशीच राहिली, कारण लोकांची जुनी जगे त्याच आकड्यांवर उभी होती.

हीच अडचण दुसऱ्यांनी कशी सोडवली हे बघण्यासारखे आहे. फिनलंडच्या पेर्ट्टू आहोला याने २०१० साली सुरू केलेला मिनीटेस्ट (२०२४ पासून त्याचे नाव लुआंटी) हा मुक्त प्रकल्पही ठोकळ्यांचाच. तिथे अशा जादा माहितीसाठी पूर्ण बाइट आहे. ठोकळ्याला फक्त रंग हवा असेल तर २५६ छटा मिळतात. पण ठोकळा भिंतीला टेकवण्याजोगा हवा असेल, तर तीन बिट दिशेला जातात आणि रंग उरतात ३२. ठोकळा चोवीस तऱ्हांनी फिरवता यायला हवा असेल, तर पाच बिट दिशेला जातात आणि हाती आठच रंग राहतात. फिरायचे असेल तर रंग सोडा, असा रोखठोक सौदा आहे. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. माइनक्राफ्टनेही वेळोवेळी हाच सौदा केला, पण दर वेळी वेगळ्या पद्धतीने आणि गुपचूप.

रंगांचा भूगोल

रंग परत आले ते वस्तूंच्या रूपाने. लाल हवा तर फूल शोधा, निळा हवा तर जमिनीत खोल जा. त्यामुळे रंगीत भिंत ही बांधणाऱ्याच्या भटकंतीची नोंदवही झाली. ठोकळ्याला आठवत नसले, तरी रंग सांगतो.

पिवळा सर्वांत स्वस्त: पिवळी रानफुले गवताळ प्रदेशात पायाखाली येतात. लालही सोपा, २०१३ च्या १.७ आवृत्तीपर्यंत तो गुलाबापासून मिळे, मग त्या गुलाबाच्या जागी खसखशीचे फूल आले. निळ्यासाठी लाजवर्दाचा दगड खणावा लागे. गडद निळा रंग देणारे फूल थेट २०१९ मध्ये आले, तोवर निळी भिंत म्हणजे बांधणारा बहुधा खाणीत उतरलेला. काळ्यासाठी माकूळ मारून त्याची शाई, पांढऱ्यासाठी सांगाड्याचे हाड, तपकिरीसाठी जंगलातला कोको.

हिरवा मात्र हट्टी आहे. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा, हे चित्रकलेच्या पहिल्या तासाला शिकलेले इथे चालत नाही. लाल-पिवळ्याचा नारिंगी होतो, लाल-निळ्याचा जांभळा होतो, पण हिरव्यासाठी वाळवंटात जाऊन निवडुंग आणायचा आणि भट्टीत भाजायचा. त्यावर पोपटी आणि आकाशी-हिरवा हे दोघे मुख्यतः अवलंबून, कारण पोपटी म्हणजे हिरवा अधिक पांढरा आणि आकाशी-हिरवा म्हणजे हिरवा अधिक निळा. वाळवंट लांब असलेल्या जगात पोपटी छप्पर दिसले, तर घरमालक बहुधा एक तर लांबवर जाऊन आलाय किंवा कुणाशी तरी देवघेव करतोय. खऱ्या जगात निवडुंगाचे रंगाशी नाते आहे, पण उलटे: मेक्सिकोतल्या निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांपासून शेंदरी-लाल रंग काढत.

लाजवर्दाच्या बाबतीत मात्र खेळ इतिहासाला धरून आहे. हा दगड कुटून निळा रंग करण्याची रीत फार जुनी, आणि तिचा पुरावा आपल्या दाराशी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला निळा लाजवर्दाचा. तिथले लाल, पिवळे, हिरवे बहुतेक रंग माती आणि खनिजांचे, जवळपास मिळणारे; निळा मात्र दूर उत्तरेकडून व्यापारी मार्गांनी आलेला. म्हणजे अजिंठ्यातही निळी रेघ दिसली की ती कुठल्या तरी लांबच्या प्रवासाची खूण असते.

मेंढ्यांचे गणित आणखी वेगळे. बराच काळ जगात आपोआप उगवणाऱ्या मेंढ्यांपैकी सुमारे ८१.८ टक्के पांढऱ्या असत. काळ्या, राखाडी आणि फिकट राखाडी प्रत्येकी ५ टक्के, तपकिरी ३ टक्के, आणि गुलाबी ०.१६४ टक्के, म्हणजे हजारात दोनसुद्धा नाहीत. कोकोपर्यंत न पोचलेल्या माणसाकडे तपकिरी लोकर असली तर ती बहुधा या तीन टक्क्यांतली असे. २०२५ च्या १.२१.५ आवृत्तीने हे प्रमाण प्रदेशाला बांधून टाकले: थंडीत काळ्या मेंढ्या जास्त, उष्ण भागात तपकिरी जास्त. मला हा बदल पटतो; मेंढी कुठली हे आता तिच्या अंगावर दिसते.

मेंढी रंगवता येते, हीच खरी मेख. रंगद्रव्य लोकरीच्या भिंतीसाठी वापरले तर एका ठोकळ्यात संपते, मेंढीला लावले तर ती गवत खात राहते आणि प्रत्येक कातरणीला त्याच रंगाची लोकर देते. दोन रंगांच्या मेंढ्यांची जोडी लावली आणि त्या रंगांचे मिश्रण खेळाच्या पाककृतीत बसत असेल, तर कोकरू मिश्र रंगाचे होते. लाल आणि पिवळीचे नारिंगी. बसत नसेल तर ते आईबापांपैकी एकाचा रंग घेते. म्हणजे हिरव्याबद्दलचा हट्ट आनुवंशिकतेतही पाळला आहे.

२०१९ मध्ये १.१४ आवृत्तीत हाडांची पूड, शाई, लाजवर्द आणि कोको यांचे रंगद्रव्य असणे काढून घेतले आणि पांढरे, काळे, निळे, तपकिरी अशी चार वेगळी द्रव्ये केली. २०२३ च्या १.२० पर्यंत एकदा रंगवलेली लोकर पुन्हा रंगवता येत नसे. आता लाल लोकर निळी करता येते. सोय झाली खरी, पण माग काढणाऱ्याचा एक धागा तुटला. पूर्वी लाल लोकर म्हणजे पांढऱ्या लोकरीवर चढवलेला लाल, लाल मेंढी किंवा धनगराशी केलेली देवघेव, इतके तरी म्हणता येत असे.

वाडा भरला

पस्तीस नंबरच्या वाड्याची युक्ती इतकी सोयीची ठरली की सगळ्यांनाच बिऱ्हाडे हवीशी झाली. पण लोकर कोणत्याही दिशेने ठेवली तरी सारखीच दिसते, तिला चारही बिट रंगासाठी मिळाले. ओंडक्याचे तसे नाही. तो उभा, पूर्व-पश्चिम आडवा किंवा उत्तर-दक्षिण आडवा असतो. त्यामुळे चारपैकी दोन बिट दिशेला गेले आणि दोन बिटांत चारच झाडे मावली: ओक, स्प्रूस, बर्च आणि जंगलातले झाड. २०१३ मध्ये बाभळीसारखे अकेशिया आणि गडद ओक आले, तेव्हा वाड्यात खोली नव्हती. मग १६२ क्रमांकावर दुसरा वाडा काढला. प्रोग्रॅमच्या भाषेत त्याचे नाव काय, तर ‘लॉग टू’. पानांचेही तेच: पहिली चार झाडे १८ वर, उरलेली दोन १६१ वर. खेळणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला सगळी झाडे सारखीच. पण आतल्या नोंदीत अकेशिया कायमचा उशिरा आलेला पाहुणा.

रंगांचा हव्यास वाढतच गेला. २०१३ मध्येच रंगीत भाजकी माती आणि रंगीत काच आली. काचेला मिळालेला ९५ हा क्रमांक आधी एका थट्टेचा होता: १ एप्रिल २०११ ला आणलेली, कधीच न उघडणारी कुलूपबंद पेटी. पेटी गेली आणि तिच्या मोकळ्या खोलीत काच राहायला आली. मग जून २०१७ मध्ये १.१२ ही आवृत्ती आली, तिचे नावच रंगांवरून ठेवलेले. काँक्रीट आले: चार वाळू, चार खडी आणि एक रंगद्रव्य घेतले की आठ ठोकळे पूड मिळते, आणि पुडीला पाणी लागले की ती घट्ट होते. नक्षीदार झिलईची टाइल आली. पूर्वी फक्त लाल असलेला पलंग सोळा रंगांचा झाला. आणि लोकरीच्या जुन्या, जरा मळकट छटा बदलून उजळ केल्या.

इथे जागेचा प्रश्न अगदी हातघाईवर आला. काँक्रीटला दिशा नसते, म्हणून त्याचे सोळा रंग एका क्रमांकात, २५१ मध्ये, बसले. त्याच्या पुडीचे २५२ मध्ये. पण नक्षीदार टाइलला दिशा असते, आणि तिचा सगळा डौल चार टाइल वेगवेगळ्या फिरवून जुळवण्यातच आहे. मग तिच्या प्रत्येक रंगाला स्वतंत्र क्रमांक द्यावा लागला: २३५ ते २५०, सोळा क्रमांक एका झटक्यात. त्याआधी आलेल्या, शल्कर पेट्या नावाच्या रंगीत पेट्यांनीही रंगामागे एक क्रमांक घेतला होता. पलंगाला डोके आणि पाय, दिशा, कुणी झोपले आहे का, हे सगळे चार बिटांत कोंबलेले होते. तिथे रंगाला एकही बिट उरला नव्हता. म्हणून पलंगाचा रंग ठोकळ्याच्या नोंदीतून बाहेर काढून पेटीतल्या मालासारखी वेगळी चिठ्ठी जोडून ठेवला. झेंड्यांच्या बाबतीत ही तोड २०१४ पासूनच होती.

हिशेब केला तर १.१२ मध्ये २५५ पर्यंतच्या यादीत २५३ आणि २५४ हे दोनच क्रमांक शेवटाला रिकामे दिसतात. २०१२ मध्ये साठवणीची पद्धत बदलली तेव्हा क्रमांक ४,०९६ पर्यंत नेण्याची सोय केलेली होती, मॉडवाल्यांनी ती मनसोक्त वापरलीही, पण मूळ खेळ २५५ च्या पलीकडे कधी गेला नाही. त्याऐवजी जुलै २०१८ मध्ये, १.१३ आवृत्तीत, सगळे वाडेच पाडले. या बदलाला खेळाडूंच्या जगात ‘फ्लॅटनिंग’ म्हणतात. क्रमांक गेले, अर्धे बाइट गेले. पांढरी लोकर, नारिंगी लोकर, लाल पलंग, अकेशियाचा ओंडका, प्रत्येकाला स्वतःचे पूर्ण नाव मिळाले. साठवताना आता १६ × १६ × १६ च्या प्रत्येक घनात तिथे आढळणाऱ्या ठोकळ्यांची छोटी यादी करतात आणि प्रत्येक ठोकळ्याच्या जागी यादीतला अनुक्रम लिहितात. त्या अनुक्रमाला कमीत कमी किती बिट दिले जातात? चार.

जुन्या व्यवस्थेचा एक जीवाश्म मात्र नव्या नावनिशीत शिल्लक राहिला. सुरुवातीला लाकडी लादी ही दगडी लाद्यांच्याच वाड्यात, ४४ क्रमांकात, एक बिऱ्हाड होती. त्यामुळे दिसायला लाकूड पण वागायला दगड: आगीत जळत नसे, फोडायला कुऱ्हाड नव्हे तर कुदळ लागे. २०१२ मध्ये खरी जळणारी लाकडी लादी वेगळ्या क्रमांकावर आली. जुनी काढली असती तर लोकांच्या घरांचे जिने-माळे गायब झाले असते, म्हणून तिला तसेच राहू दिले. आणि १.१३ मध्ये प्रत्येकाला नाव देण्याची वेळ आली, तेव्हा तिला नाव मिळाले ‘दगड झालेली ओकची लादी’. साध्या खेळात ती मिळत नाही. आज एखाद्या जगात ती मुळातच बसलेली सापडली, तर ते जग ऑगस्ट २०१२ च्या आधीपासूनचे असण्याची शक्यता दाट. नाहीतर कुणीतरी आज्ञा देऊन मुद्दाम मागवलेली.

जो रंग ठोकळ्याचा नाहीच

आतापर्यंतचे रंग निदान कुठेतरी लिहिलेले तरी होते. गवताचा रंग लिहिलेलाच नसतो. खेळाच्या फायलींत गवताच्या वरच्या बाजूचे चित्र राखाडी आहे. ३० ऑक्टोबर २०१० च्या हॅलोविन आवृत्तीपासून तो रंग जागेवर ठरतो: त्या प्रदेशाचे तापमान आणि पाऊस घेऊन एका त्रिकोणी रंगपटात बोट ठेवायचे आणि तिथला रंग राखाडीवर चढवायचा. मैदानातला गवताचा ठोकळा अलगद उचलून वाळवंटात नेला, तर तो पिवळट पडतो. परत आणला की पुन्हा हिरवा. दलदलीत दोन छटा, तांबड्या कड्यांच्या प्रदेशात ठरावीक मातकट. उलट बर्च आणि स्प्रूस यांच्या पानांचा रंग कुठेही तोच. म्हणून जुन्या चित्रात सगळीकडे एकच भडक हिरवा दिसला, तर ते चित्र प्रदेश जन्माला येण्याआधीचे.

शिवाय एकाच ठोकळ्याच्या सहा बाजूंना सारखा उजेड मिळत नाही. वरची बाजू पूर्ण, उत्तर-दक्षिण ऐंशी टक्के, पूर्व-पश्चिम साठ, खालची पन्नास. सूर्य कुठेही असो, हे प्रमाण ठरलेले. त्यामुळे चित्रातल्या भिंतीची कोणती बाजू जास्त काळोखी आहे यावरून दिशेचा अंदाज येतो.

खेळातला कागदी नकाशा तर आणखी बिलंदर. त्याचा आकार १२८ × १२८ बिंदू, आणि पहिल्या पायरीच्या नकाशात एक बिंदू म्हणजे एक ठोकळा. प्रत्येक ठोकळ्याला नकाशावरचा एक मूळ रंग असतो, पण छटा ठरते उत्तरेच्या शेजाऱ्यावरून: शेजारी आपल्याहून खाली असेल तर आपण उजळ, वर असेल तर गडद, समान असेल तर मधले. म्हणजे रंग तिप्पट होतात, फक्त उंचीच्या चलाखीने. लोक याचा फायदा घेऊन जमिनीवर १६,३८४ स्तंभांची पायऱ्यापायऱ्यांची रचना उभारतात. जवळून बघावे तर नुसता डोंगराळ गोंधळ, नकाशावर मात्र चेहरा. लोकर तिथे लागते कारण सोळा रंगांची दुसरी इतकी स्वस्त खाण नाही.

एका बिटाची आठवण

ठोकळ्याला काहीच आठवत नाही, हे सुरुवातीला म्हटले त्याला थोडे अपवाद आहेत. पानांचे चार बिट आठवा. दोन झाडाच्या जातीला गेले, एक ‘झाडापासून तुटलो आहे का हे तपासायचे’ यासाठी, आणि उरलेल्या एका बिटात ‘मला माणसाने इथे ठेवले आहे’ ही नोंद. ती नसती तर कुंपण म्हणून लावलेली पाने ओंडका जवळ नाही म्हणून झडून गेली असती. आजही एफ-३ ही कळ दाबून पानांकडे बघितले की ही खूण ‘पर्सिस्टंट’ या नावाखाली हो किंवा नाही अशी वाचता येते. जंगलात उभे राहून कुठली पाने आपोआप उगवलेली आणि कुठली कुणी लावलेली, हे तिथे एका कटाक्षात कळते. लपवलेले तळघर झाकायला लावलेली पानेसुद्धा.

दुसरा अपवाद २०२२ मध्ये आलेला, खोल काळोखातला स्कल्क श्रीकर. जगाने स्वतः घडवलेला असेल तर तो वॉर्डन नावाच्या राक्षसाला बोलावतो, माणसाने उचलून नेऊन ठेवलेला असेल तर नुसता ओरडतो. दोन्ही दिसायला एकच. फरक एका हो-नाहीच्या नोंदीचा.

दगडाला मात्र अशी एकही खूण मिळालेली नाही. वाहता लाव्हा पाण्याला भिडला की कॉबलस्टोन होतो, लाव्हाचा मूळ साठा पाण्याने भिजला तर ऑब्सिडियन, लाव्हा वरून पाण्यात उतरला तर साधा दगड. डोंगरातला साधा दगड कुदळीने फोडला तरी हातात कॉबलस्टोनच येतो. तेव्हा कॉबलस्टोनची भिंत डोंगर फोडून झाली की घरामागे लाव्हा-पाण्याचे यंत्र लावून, हे भिंतीला विचारण्यात अर्थ नाही. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधली खनिजे निदान लाव्हा कसा थंड झाला ते सांगतात. इथे तेवढेही नाही.

म्हणून अनेक जण मिळून खेळतात त्या सर्व्हरवर आठवणीचे काम प्लगिनवर, म्हणजे बाहेरून जोडलेल्या प्रोग्रॅमवर, सोपवलेले असते. कोअरप्रोटेक्ट हे त्यांतले सर्वांत परिचित. कुठला ठोकळा कुणी, कधी ठेवला किंवा फोडला, पेटीतून काय काढले, हे सगळे ते वेगळ्या कोठारात लिहीत राहते. रात्रीतून कुणी दुसऱ्याचे घर उद्ध्वस्त केले, तर सर्व्हरचा चालक त्या माणसाचे गेल्या काही तासांतले सगळे कारभार एका आज्ञेने उलटे फिरवतो आणि भिंती पुन्हा उभ्या राहतात.

आणि जिथे अशी नोंदवही नसते, तिथे गणित आहे. माइनक्राफ्टचे जग एका बीजाच्या आकड्यातून उगवते. बीज तेच असेल आणि आवृत्ती तीच, तर डोंगर तेच, झाडे तीच. जुन्या आवृत्त्यांत जमिनीच्या घडणीसाठी त्या आकड्याचे ४८ बिटच कामी येत, म्हणजे शक्यता सुमारे २८१ लाख कोटी. माणसाला अफाट, पण अनेक संगणक मिळून चाळता येण्याजोगी. खेळाच्या फायलींमध्ये वर्षानुवर्षे एक १२८ × १२८ बिंदूंचे चित्र पडून होते, ज्यात एक टेकडी, झाडे आणि धबधबा दिसतो. ती जागा कुठल्या जगातली हे कुणाला माहीत नव्हते. माइनक्राफ्ट ॲट होम या स्वयंसेवकांच्या गटाने सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे बीज शोधून काढले. त्याच्या दोन महिने आधी त्यांनी खेळाच्या सुरुवातीच्या पडद्यामागे फिरणाऱ्या देखाव्याचे बीज मिळवले होते. धूसर चित्रातला कोणता ठिपका पान आणि कोणता गवत, हे ठरवणेही सोपे नव्हते.

याच वाटेने एक जास्त तापदायक युक्तीही निघाली. दगड, माती, वाळू, गवत यांची चित्रे एकसुरी दिसू नयेत म्हणून खेळ प्रत्येक ठोकळ्याचे चित्र थोडे फिरवून दाखवतो, आणि किती फिरवायचे ते ठोकळ्याच्या जागेच्या आकड्यांवरून काढतो. रानफुलेही अशाच हिशेबाने चौकटीत किंचित सरकलेली असतात. म्हणजे कुणी आपल्या गुप्त तळाचे चित्र मोठ्या अभिमानाने जगाला दाखवले आणि त्यात पाच-पन्नास मातीचे ठोकळे स्पष्ट दिसत असले, तर त्यांच्या फिरण्याचा क्रम जुळवून त्या तळाचा पत्ता काढता येतो. टूबीटूटीसारख्या, नियमच नसलेल्या सर्व्हरवर पत्ता फुटणे म्हणजे तळ गेलाच. तिथले सावध खेळाडू चित्र काढण्याआधी ठोकळ्यांचे रूप बदलणारा असा रिसोर्स पॅक चढवतात, ज्यात सगळे ठोकळे एकाच दिशेला तोंड करून बसतात.